तीन हजार अंशांत चुंबक टिकतोच कसा?

रिवायंडिंगवाले काका
२ मार्च, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. खगोलाच्या विभागात पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. एरवी माझा वावर घरगुती दुरुस्तीच्या धाग्यांवर असतो, तिथले लोक ओळखतात.

रास्ता पेठेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. यंदा एकतीस वर्षं होतील. पाणबुडी पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटारी, सगळं येतं. म्हणजे चुंबकाशी रोजची गाठ. आणि चुंबकाचं नि आगीचं जमत नाही, हे मी पदरचे पैसे घालून शिकलोय. दुकान नवीन होतं तेव्हा एका टेम्पोवाल्याची वायपरची मोटार आली होती. तिच्या बॉडीत आतून फेराइटचे दोन चंद्रकोरी चुंबक चिकटवलेले असतात. मला ते माहीत होतं. तरी जुनं वॉर्निश निघेना म्हणून घाईत बॉडीसकट ब्लोलॅम्पवर धरली. जोडून पाहिली तर पठ्ठी नेहमीपेक्षा भरभर फिरते, मी खूश. टेम्पोला बसवली आणि काचेवर वायपर अर्ध्यात उभा. वेग आहे, ताकद नाही. चुंबक मेलेला. नवी मोटार माझ्या खिशातून घेऊन दिली.

तर नातीला (सातवीत आहे) मी हेच शिकवलं होतं. सांडशीत सुई धरून गॅसवर लालभडक केली, चुंबकाजवळ नेली, ढिम्म चिकटली नाही. लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबकाला ओळख देत नाही. आजोबांचा भाव वधारला.

परवा विज्ञान दिनाला आम्ही विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलो. तिथे एका फलकावर लिहिलेलं: लाल बटू तारे (सूर्यापेक्षा बरेच छोटे, मिणमिणते), पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,००० अंश, चुंबकीय क्षेत्र ४,००० गॉसपर्यंत. आणि वर मथळ्यात त्यांना ‘थंड तारे’ म्हटलेलं! नातीने फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही, पण भाव पडला.

गॉस आणि टेस्ला ही चुंबकीय क्षेत्र मोजायची एककं. आता ४,००० गॉस म्हणजे ०.४ टेस्ला. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. माझ्या मोटारीत स्टेटर आणि रोटरच्या मधल्या फटीत याच्या दीडपट-दुप्पट असतं, पण ती फट मिलिमीटरभराची आणि भोवती चांगलं सिलिकॉन स्टील. इथे अख्खा तारा, तोही वायूचा, लोखंडाच्या पत्र्याशिवाय.

माझे प्रश्न दोन. तीन हजार अंशांत चुंबक टिकतोच कसा? आणि हे मोजलं कुणी, कशाने? आर्मेचर (मोटारीचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) तपासायचं तर मी ते ग्रोलरवर ठेवतो आणि वरून हॅकसॉचं ब्लेड फिरवतो. ज्या स्लॉटमधली कॉइल शॉर्ट असेल त्यावर ब्लेड थरथरतं. हाताला कळतं. तारा ग्रोलरवर कसा ठेवला?


आगाऊ कार्टी
२ मार्च, रात्री ११:१५

काका, सोप्पंय! सायकलचा डायनामो आठवा. तारा स्वतःभोवती फिरतो, वीज तयार होते, विजेचा चुंबक होतो. झालं.


रिवायंडिंगवाले काका
३ मार्च, सकाळी ७:०५

बाळा, सायकलचा डायनामो मी शेकड्यांनी उघडलाय. त्यात चुंबक कारखान्यातूनच बसवून येतो. तो चाकाने फिरवायचा, मग वीज. माझा प्रश्न त्याच चुंबकाचा आहे. तू मला घरातून निघून घरातच आणून सोडलंस.


वर्णरेषा
३ मार्च, रात्री ९:३०

काका, धागा आवडला. मी सहा वर्षं याच ताऱ्यांच्या वर्णपटांवर, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांवर आणि त्यातल्या रेषांवर काम केलं. आता हिंजवडीत वेगळीच हमाली करते, पण हा विषय निघाला की राहवत नाही. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तुमची सुई. सुईतलं चुंबकत्व म्हणजे लोखंडाच्या अणूंनी धरलेली रांग. उष्णतेने रांग मोडते. ताऱ्यात अशी रांग कधी नव्हतीच, त्यामुळे मोडायचा प्रश्न नाही. ताऱ्याचं चुंबकत्व निव्वळ विद्युतप्रवाहाचं आहे. पोटात तापमान लाखो अंशांवर, अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले, वायू तांब्यासारखा वीज वाहून नेतो. तुमच्या गिरणीच्या मोटारीच्या स्टेटरला तरी कुठे कायमचा चुंबक असतो? लाइट गेली की तो चुंबक संपला. तारा म्हणजे लाइट न गेलेली मोटार. उष्णता इथे चुंबकाची वैरी तर नाहीच, तीच त्याला पोसते.

कशी पोसते, तर उकळीने. तळातून तापलेला वायू वर येतो, निवतो, खाली जातो, पातेल्यातल्या आमटीसारखा. तारा फिरत असल्यामुळे ही उकळी सरळ वर येत नाही, पिळवटत येते. वीज वाहून नेणाऱ्या वायूत चुंबकीय रेषा अडकून पडलेल्या असतात. वायू जिकडे, रेषा तिकडे. पीळ पडला की रेषा ताणल्या जातात, आणि ताणल्या की क्षेत्र वाढतं.

आता गंमत ऐका. सूर्यात ही उकळी फक्त वरच्या थरात आहे. केंद्रापासून त्रिज्येच्या ७० टक्क्यांपर्यंत उष्णता प्रकाशाच्या रूपाने झिरपत येते, तिथे उकळी नाही. त्या दोन थरांच्या सांध्यावर आतला भाग एका लयीत फिरतो आणि वरचा वेगळ्या, त्यामुळे तिथे जबर घासाघीस होते. बरीच वर्षं समजूत अशी होती की सूर्याचा डायनामो या सांध्यावर बसलाय. पण ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण ३५ टक्क्यांच्या खाली गेलं की सांधाच उरत नाही. तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळी आमटी उकळते. सांधा नाही म्हणजे डायनामो लंगडा पडायला हवा. प्रत्यक्षात या चिल्ल्यापिल्ल्यांचं क्षेत्र सूर्याच्या कैक पटींनी दांडगं निघालं. सूर्यावर २,०००-३,००० गॉस मिळतात ते डागापुरते, बाकी अंगावर सरासरी फार कमी. काही लाल बटूंवर तेवढं क्षेत्र जवळजवळ सगळ्या अंगभर आहे. २००६ मध्ये महाश्व समूहातल्या व्ही३७४ पेगासी या पूर्ण उकळणाऱ्या ताऱ्याचा चुंबकीय नकाशा आला. त्यात तर सरळ, नीटस, दोन ध्रुवांचं क्षेत्र होतं, अक्षाला धरून. आमच्यात तेव्हा बऱ्याच जणांनी डोकं खाजवलं.

२००९ मध्ये एक हिशेब मांडला गेला, तो मला फार आवडतो. झपाट्याने फिरणाऱ्या गोळ्यात क्षेत्र किती होईल हे शेवटी ठरतं ते आतून बाहेर किती ऊर्जा वाहते यावर. पृथ्वी, गुरू आणि हे लाल बटू, तिघं एकाच रेषेवर येऊन बसतात. पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड आणि ताऱ्यातला वायू यांना एकच नियम!

आता तुमचं ग्रोलर. ब्लेड आपल्याला पाठवावं लागत नाही, ते ताऱ्यातच आहे. अणू म्हणजे ब्लेड. १८९६ मध्ये पीटर झीमनने सोडियमची ज्योत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरली, तर तिच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषा रुंदावल्या. क्षेत्र पुरेसं असेल तर एका रेषेच्या चक्क दोन-तीन होतात, आणि त्यांच्यातलं अंतर सांगतं क्षेत्र किती. १९०८ मध्ये जॉर्ज हेलने हीच युक्ती सौरडागांवर लावली. पृथ्वीबाहेर चुंबकत्व सापडलं ते तेव्हा पहिल्यांदा.

लाल बटूंच्या बाबतीत ही फाट किती असते? ४,००० गॉस धरा, आणि १,००० नॅनोमीटरच्या आसपासची रेषा घ्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं अवरक्त. फाट येते सुमारे ०.०२ नॅनोमीटर. पन्नास हजारांत एक भाग. आणि तारा स्वतःभोवती फिरतो त्यानेही रेषा रुंदावते, तीही साधारण तेवढीच! माझे चार महिने या एकाच गोंधळात गेले. ही रुंदी चुंबकाची की फिरण्याची? गाईडना रोज वेगळं उत्तर नेऊन द्यायचे. सोमवारी २,००० गॉस, गुरुवारी ३,५००. एकदा ते म्हणाले, “तुमचा तारा आठवड्याच्या वारांवर चालतो का?”

सोडवलं ते टायटॅनियमच्या एका रेषेने. ९७४ नॅनोमीटरच्या आसपास टायटॅनियमच्या रेषांचा एक घोळका आहे. त्यातल्या बाकी सगळ्या चुंबकाने फाकतात, आणि ९७४.४ च्या जवळची एक रेषा चुंबकाला अजिबात दाद देत नाही. कितीही क्षेत्र असो, ही बाई आपली जशीच्या तशी. मग तिची रुंदी म्हणजे फक्त फिरणं. तिच्यावरून फिरण्याचा वेग घ्यायचा, शेजारणींच्या रुंदीतून तो वजा करायचा, उरलं ते चुंबकाचं. अडचण एकच. त्याच जागी आपल्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा येऊन बसतात, त्या आधी निवडून काढाव्या लागतात. तांदळातले खडे.

लांब अवरक्त कशाला? कारण चुंबकाची फाट तरंगलांबीच्या वर्गाने वाढते, फिरण्याची रुंदी नुसत्या पटीत. जितकं तांबड्याकडे जाल तितकं चुंबकाचं पारडं जड. शिवाय हे तारे उजळतातही तिकडेच.


रिवायंडिंगवाले काका
४ मार्च, दुपारी ३:२०

ताई, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, दुकानातल्या पोरासाठी.

ते “लाइट न गेलेली मोटार” बरोबर, पण माझ्या मते मोटारपेक्षा जुना डीसी जनरेटर जवळचा. पूर्वी प्रेसच्या आणि वेल्डिंगच्या कामाला यायचे. त्यात कायमचा चुंबक नसतो. जनरेटर स्वतःच वीज तयार करतो, त्यातलीच थोडी स्वतःच्या फील्ड कॉइलला देतो, त्याने चुंबक वाढतो, की आणखी वीज. स्वतःच स्वतःला चढवत नेतो. पण सुरुवातीला पोलच्या लोखंडात थोडा जुना चुंबक शिल्लक लागतो, त्याला आम्ही रेसिड्युअल म्हणतो. मशिन फार दिवस पडून राहिलं किंवा कुणी उलटं जोडलं की रेसिड्युअल जातो. मग कितीही फिरवा, व्होल्टमीटर हलत नाही. अशा वेळी बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर फील्डला टेकवायची. काटा थरथरतो आणि मग एकदम चढायला लागतो. ते बघायला मला आजही मजा येते.

तर ताऱ्याला पहिली बॅटरी कुणी टेकवली?

आणि दुसरं. जनरेटरला कितीही पळवलं तरी एका हद्दीपुढे चुंबक वाढत नाही, लोखंड सॅच्युरेट होतं. ताऱ्यात लोखंडाचा पोल नाही, मग तो चढतच जातो का?


वर्णरेषा
४ मार्च, रात्री १०:१०

काका, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारतात!

बॅटरी आधीपासून टेकलेलीच होती. ज्या वायूच्या ढगातून तारा जन्मतो त्यात किंचित क्षेत्र असतंच, गॉसच्या काही दशलक्षांश भागांएवढं. ढग आकसला की त्यात अडकलेल्या रेषा दाटतात. तेवढं रेसिड्युअल पुरतं.

आणि हो, तारेही सॅच्युरेट होतात. शब्दसुद्धा तोच. फिरण्याचा वेग वाढत गेला की क्षेत्र वाढतं, आणि एका हद्दीपुढे जवळजवळ थांबतं. लोखंडामुळे अर्थात नाही. उकळीकडे खर्चायला ऊर्जाच तेवढी असते, असं समजतात. बराच काळ ४,००० गॉस ही कमाल मानत होते. २०१७ मध्ये सप्तर्षीच्या समूहातल्या डब्ल्यूएक्स उर्सा मेजोरिसवर ७,००० च्या वर मोजलं गेलं. हा तारा एका दिवसाच्या आतच एक फेरी मारतो.

माझं लाडकं उदाहरण मात्र वेगळं. तिमिंगल समूहात ८.७ प्रकाशवर्षांवर एक जोडी आहे, बीएल सेटी आणि यूव्ही सेटी. एकाच ढगातून जन्मलेली, वय एक, वजन जवळजवळ सारखं (सूर्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास), दोघी सहा तासांच्या आत गिरकी घेतात. जुळ्या बहिणीच. तर बीएलवर ५,२०० गॉस आणि यूव्हीवर ६,७००. नुसता आकडाच वेगळा नाही, ठेवणही वेगळी. एकीचं क्षेत्र विखुरलेलं, विस्कटलेलं. दुसरीचं दोन ध्रुवांचं, ताठ. एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या दोन मोटारी, एकाच गेजची तार, तेवढेच वेढे, आणि चालतात वेगळ्या! एक म्हणणं असं की एकाच ताऱ्याला दोन्ही रूपं शक्य आहेत, सुरुवात कशी झाली त्यावर ठरतं. दुसरं म्हणणं, हे चक्र आहे, आज हिची पाळी उद्या तिची. मी पहिल्या गटातली, पण पैज लावणार नाही.


रिवायंडिंगवाले काका
४ मार्च, रात्री १०:४०

मोटारीत तसं होतं तेव्हा आम्ही गिऱ्हाइकाला “व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे” सांगतो.


रात्रपाळी
५ मार्च, सकाळी ६:४५

आत्ताच चाकणहून घरी आलो, हा धागा वाचून झोप उडाली. वर्णपट वगैरे मोठ्या दुर्बिणींचं काम, पण हे तारे आपल्याला दिसतात का, हे कुणी लिहिलंच नाही.

नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही. आपल्या दीर्घिकेत दर चार ताऱ्यांपैकी तीनच्या आसपास लाल बटू, आणि साध्या डोळ्यांना शून्य! दुर्बिणीतून मात्र आमच्या सिंह राशीत एक जवळचा सापडतो, एडी लिओनिस, १६ प्रकाशवर्षांवर. मघेच्या कोयत्यात मघेनंतरचा सगळ्यात ठळक तारा म्हणजे गॅमा लिओनिस. त्याच्या पश्चिमेला पाच कलांवर हा बसलाय, चंद्रबिंबाच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर. प्रत (ठळकपणाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ९.३ च्या आसपास. माझ्या आठ इंची डॉब्सनमधून (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) सहज दिसायला हवा, पण दोन भानगडी. एक, गॅमाचा झगमगाट. दोन, पुण्याचा अक्षांश साडेअठरा आणि हा तारा जवळजवळ वीस अंश उत्तरेला, म्हणजे ऐन माथ्यावर येतो तेव्हा बरोबर डोक्यावर. आणि डॉब्सनला डोक्यावरचाच भाग जड जातो. दुर्बीण सरळ उभी, थोडं हलवायचं म्हणजे अख्खा पिंप गोल फिरवा. पहिल्या रात्री मी मान वाकडी करून पाऊण तास घालवला. दिसला तो बारीकसा, मळकट केशरी ठिपका. बायको म्हणाली, एवढ्यासाठी?

एवढ्यासाठीच. कारण हा भडकतो. छोट्या ज्वाला याच्यावर नेहमीच्या, निळ्या-जांभळ्या प्रकाशात जास्त कळतात. मोठी एप्रिल १९८५ मध्ये टिपली होती, ती अजून सगळे उदाहरण म्हणून देतात. मला स्वतःला एक पकडायची होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पानशेतच्या पुढे, धरणाच्या कडेला, मित्राच्या ट्रॅकिंग माउंटवर ८० मिलिमीटरची दुर्बीण लावली, निळा फिल्टर, तीस-तीस सेकंदांचे फोटो, साडेतीन तास. घरी येऊन आलेख काढला. पहाटे दीडनंतर एडी लिओ शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने चढायला लागलेला! मी इतका हरखलो की ग्रुपवर टाकून मोकळा झालो.

ज्वाला नव्हती. दव होतं. भिंगावर दव धरलं, त्याने गॅमाचा उजेड पसरला आणि त्या प्रभावळीतला काही एडी लिओच्या मापात मिसळला. बाकीचे तारे मंदावले, हा “उजळला”. कळलं कशावरून, तर आलेखाच्या आकारावरून. खरी ज्वाला कडा चढल्यासारखी उठते, काही सेकंदांत नाहीतर मिनिटात, आणि मग घाट उतरल्यासारखी सावकाश ओसरते. माझी नेमकी उलटी होती. ग्रुपवरचे लोक मला अजून “दवबिंदू” म्हणतात.

या अमावस्येच्या आधीच्या शनिवारी पुन्हा जातोय. या वेळी भिंगाला हीटर पट्टी आहे. साधारण २० मार्चला हा रात्री अकराला माथ्यावर, एप्रिलच्या २० ला नऊलाच.


खोडदकर
५ मार्च, दुपारी १:१०

आमच्याकडचं पण सांगतो. घर नारायणगावजवळ, टोमॅटो करतो. शेतातून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस, पैकी चौदा मधोमध आणि बाकी तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दरवर्षी विज्ञान दिनाला गर्दी होते, मी चार वर्षं स्वयंसेवक होतो. तिथे एका सरांनी सांगितलेलं आठवतंय. चुंबकात इलेक्ट्रॉन गोल फिरतो, आणि किती वेगाने फिरतो ते फक्त क्षेत्रावर ठरतं. गॉसमागे सेकंदाला २८ लाख फेऱ्या. ताऱ्यावरून त्या तालाची रेडिओ किरकिर ऐकू आली की भागाकार करायचा, तिथलं क्षेत्र किती ते हातात. ५०० गॉस असेल तर १,४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे आमच्या अँटेनांच्या टप्प्यात. यूव्ही सेटीची रेडिओ ज्वाला इंग्लंडच्या जोड्रेल बँकला साठ वर्षांपूर्वीच ऐकली होती म्हणे.

काका, तुमच्या ग्रोलरसारखंच, फक्त ब्लेडच्या जागी इलेक्ट्रॉन. आणि हो, तुमच्या दुकानातल्या ठिणग्या आमच्याकडे आणू नका, अँटेनांना त्रास होतो.


जुनं पुणं
५ मार्च, संध्याकाळी ६:००

विषयांतर, पण पुण्याचं आहे म्हणून. ताऱ्यांचे आणि सूर्याचे वर्णपट पाहणं या गावाला नवं नाही. १८८८ मध्ये सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. प्रोफेसर नाएगमवाला ती चालवत. वीस इंची आरसा, तेव्हा देशातला सगळ्यात मोठा. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. त्याच कोडाईकॅनॉलला १९०९ मध्ये एव्हरशेडने सौरडागातून बाहेर वाहणारा वायू वर्णरेषांच्या सरकण्यावरून शोधला होता. संगम पुलावरून जाताना मला दर वेळी वाटतं, आपलीच वस्तू गेली.


आगाऊ कार्टी
५ मार्च, रात्री ८:२५

वर्णरेषाताई, मग या ताऱ्यांच्या ग्रहांवर कुणी राहत असेल का? आपल्या सगळ्यात जवळच्या लाल बटूचा, प्रॉक्सिमाचा, ग्रह आहे ना?


वर्णरेषा
५ मार्च, रात्री ११:००

आहे, २०१६ मध्ये सापडला, ११.२ दिवसांत प्रदक्षिणा. पण तारा मिणमिणता म्हणून ऊब मिळायला ग्रहाला खेटून बसावं लागतं, ७३ लाख किलोमीटरवर. पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटींवर आहे. आणि १ मे २०१९ ला प्रॉक्सिमावर अशी ज्वाला उठली की अतिनील प्रकाश काही सेकंदांत हजारो पटींनी वाढला. शेकोटीला टेकून बसलेल्याने ठिणग्यांची तक्रार करून उपयोग नाही. वातावरण टिकतं की उडून जातं, यावर सध्या भांडणं जोरात आहेत.

पुण्यातून प्रॉक्सिमा बघायचा नाद करू नकोस. मेमध्ये नरतुरंगातला ‘मित्र’ दक्षिणेला दहा-अकरा अंशांवर दिसतो, प्रॉक्सिमा त्याच्याही खाली, अकराव्या प्रतीचा. मध्ये सगळी धूळ आणि कात्रजचा उजेड.


रिवायंडिंगवाले काका
६ मार्च, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी.

ज्वालेचं मला आपोआप कळलं. मोठ्या फील्ड कॉइलचा स्विच चालू प्रवाहात एकदम उघडला की कडाड्कन ठिणगी पडते, चुंबकात साठवलेलं सगळं एका क्षणात बाहेर. एकदा तिने माझा अंगठा भाजलाय. ताई, हे बरोबर ना? तिकडे रेषा ताणून ताणून तुटत असणार.

दुसरं, हे तारे म्हातारे झाल्यावर शांत होतात का? नातीचा प्रश्न आहे, माझा नाही.


वर्णरेषा
६ मार्च, रात्री १०:३०

ठिणगीचं बरोबर. फक्त रेषा तुटून नुसत्या सुटत नाहीत, शेजारच्या रेषेला जाऊन जोडल्या जातात, आणि त्या जोडणीत ऊर्जा सुटते.

नातीला सांगा, होतात, पण फार सावकाश. ताऱ्यावरून सतत वारा सुटतो. चुंबकीय रेषा त्या वाऱ्याला लांबवर धरून ठेवतात, आणि त्या ओझ्याने गिरकी मंदावते. जुन्या वीजमीटरच्या चकतीला चुंबकाचा ब्रेक असतो तो वेगळा. हा म्हणजे गिरकी घेताना दोन्ही हात पसरून हातात पाण्याच्या बादल्या धरल्यासारखं. गिरकी मंद, की डायनामो मंद, की डाग आणि ज्वाला कमी. सूर्यासारखे तारे अब्ज वर्षांच्या आतच बरेच निवळतात. अगदी छोटे लाल बटू कित्येक अब्ज वर्षं धिंगाणा घालतात. भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा सूर्यापेक्षा म्हातारा, एका फेरीला १४५ दिवसांच्या आसपास घेतो, सगळ्यांनी त्याला निवृत्त धरलेलं. १९९८ मध्ये तोही एकदा भडकला.


रिवायंडिंगवाले काका
६ मार्च, रात्री १०:५०

नातीने ऐकलं. म्हणाली, आजोबा, तुमच्यासारखा.

रात्रपाळी, शनिवारी पानशेतला आम्ही दोघं आलो तर चालेल का? स्वारगेटहून एसटी धरू की तुमच्या गाडीत जागा आहे? तुमच्या हीटर पट्टीची नायक्रोम तार किती ओहमची आहे तेही कळवा. बाजारातल्या पट्ट्या मधूनच जळतात, मी एक नीट गुंडाळून आणतो.


रात्रपाळी
७ मार्च, सकाळी ६:२०

जागा आहे. साडेसहाला राजाराम पुलाजवळ थांबा. पट्टी १२ व्होल्टवर चालते, ओहम मोजलेले नाहीत, मीटर तुम्हीच आणा. नातीला स्वेटर घाला, धरणाकडे दव पडतं.